मधल्या भिंतीला परवानगी

साहेब, तुम्ही माझ्या जावेचे लाडू खाल्लेत आणि माझ्या नवऱ्याला घरात कोंडलंत. वारसा समितीचे असाल, मी तोंडावर सांगते.

घर एकच. सांगलीजवळच्या आमच्या गावातलं, शंभर वर्षांचं, कोरीव सागवानी खांबांचं. वाटणीत भावाभावांनी मधे भिंत घातली. मोठा दरवाजा गेला थोरल्या जावेला, राजमतीअक्काला. मला बाजूचा, अरुंद, हातभर उंबऱ्याचा. तेव्हापासून माझ्या पोटात जे पेटलंय ते विझलेलं न्हाई.

चार महिन्यांमागं माझे मालक रामगोंडा यांचं एक अंग गेलं. चाकाची खुर्ची आणली, ती दारातनं जाईना. घर तुमच्या यादीत, म्हणून अर्ज केला: दार आणखी वीतभर रुंद करू द्या, उंबरा काढू द्या. अक्कानंही केला: पुढच्या सोप्याला काचा, आत एसी.

तुम्ही तिघं आलात आणि बसलात तिच्याच सोप्यात. तिचा नकाशा इंजिनिअरनं काढलेला, रंगीत. माझा वहीच्या कागदावर, पेन्सिलीचा. तिच्या काचा मंजूर. माझं दार नामंजूर. "चौकट मूळची आहे, हलणार नाही."

"मग माणूस कसा हलवू?"

तुम्ही फाईल उघडलीत. "बाई, हे घर यादीत घ्या म्हणून पहिला अर्ज तुमचाच आहे. सहा वर्षांपूर्वीचा."

व्हय, माझाच! अक्का तिचा भाग पाडून स्लॅबचा बंगला बांधणार होती. मला बघवलं न्हाई. फोटो काढून मीच पाठवले. तिला अडवायच्या नादात माझं अर्धं घरही यादीत जाईल, हे ध्यानातच आलं न्हाई.

अक्कानं हातातली बशी खाली ठेवली. "सुंदरे, सहा वर्सं मी सरकारला शिव्या घातल्या की गं! आन् सरकार भिंतीपल्याड भाकऱ्या थापत हुतं व्हय?"

"तुमचा बंगला उठला असता तर मला इथं जगणं झालं नसतं, अक्का."

"आता तरी कवा सुखानं जगलीस?" मग तुमच्याकडं वळून म्हणाली, "साहेब, मधली भिंत काय जुनी न्हाई. तिला दार पाडा. भावजींना माज्या दारातनं न्या."

तुम्ही लगेच लिहून टाकलंत: भिंत अलीकडची, हरकत नाही.

म्हणजे रोज तिच्या फरशीवरनं, तिच्या काचांपुढनं मी खुर्ची ढकलायची, आणि ती गोड आवाजात म्हणणार, "या भावजी." त्यापेक्षा तिनं मला चार थोबाडीत दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मालकांना विचारलं. बोलता येत न्हाई त्यांना, पण चांगला हात भिंतीकडं केला. चार महिने त्यांनी ऊन बघितलेलं न्हाई. उद्या गवंडी बोलावते.

पण तुम्हाला सोडत न्हाई. मी जळले, अर्ज केला, चूक माझी. लेखी देते. मालकांनी तुमचं काय घोडं मारलं होतं? ज्या घराला एसी चालतो, त्या घराला वीतभर वाढवलेलं दार का चालत न्हाई? माझ्या माणसानं स्वतःच्या दारातनं बाहेर का यायचं न्हाई?

लेखी उत्तर द्या.