तिसऱ्या मजल्यावरचं डालगं

माझ्या लेकाची, ज्ञानूची, कंपनी रांजणगावातून उठून होसूरला चालली, तसा तोही तिच्यामागं निघाला. मेंढरू जसं पुढच्या मेंढराचं शेपूट बघून चालतं, तसा. मी विचारलं, "होसूर कुठं आलं रं?"

"बंगलोरच्या पुढं."

"बंगलोर कुठं?"

"सोलापूरच्या पुढं. लई लांब."

"तिथं काय बोलत्यात?"

"तमिळ. कन्नड बी बोलत्यात. तेलगूवर बी भागतं म्हणं."

"आन् तुला काय येतं?"

"मला मशीन चालवाया येतं," म्हणाला. खोटं नव्हतं.

त्यानं गाव सोडायला माझी ना नव्हती. आम्ही धनगर. मी या निमोण्यात नवरी होऊन आले, तेव्हा दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि सगळी बिऱ्हाडं, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. ज्ञानूला तर मी घोड्यावर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बांधून घाट उतरवलाय. कोंबड्या ओरडायच्या, हा ओरडायचा, घोडं मात्र गप चालायचं. पुढं पाटाचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला, आणि पाय एका जागी रुतले. तेव्हा जाणाऱ्याला अडवायचं मला तोंड नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं, की त्यानं जावं, त्याच्या बायकोनं जावं, रुद्रला इथं ठेवावं. पोरगं अजून अंगणवाडीत. भाकरी म्हणायला नुकतं शिकलंय. तिकडं जाऊन तेही विसरायचं. आणि शेजारची सरूबाई, माझी चुलत जाऊ, एक दिवस कुंपणावरून म्हणाली, "नातू बी चालला म्हणं गं. आता एवढ्या घरात एकटीच भुतासारखी."

मी म्हणाले, "नातू कशाला जातोय? लेक चाललाय. नातू हितंच हाय."

हे बोलून झाल्यावर मग ते घरात सांगायला गेले.

पूनम भाकऱ्या करत होती. ही माझी सून दौंडची. बाप रेल्वेत, पोरगी क्वार्टरमध्ये वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा कोंबडी पायात आली तरी किंचाळायची. रुद्रचं मी काढलं. तिनं भाकरी उलटली, ती जराशी जोरात.

ज्ञानू म्हणाला, "आई, पोरगं आईबापाशिवाय कसं ऱ्हाईल?"

"आजीशिवाय कसं ऱ्हाईल, ते बघितलं का?"

"तू बी चल की मग."

"माझ्या कोंबड्या कोण बघंल? सरूबाई? ती दाणं टाकती का अंडी उचलती, त्याचा पत्ता लागायचा न्हाई."

मग मी विचारलं, "तिथली खोली कितव्या मजल्यावर हाय?"

"तिसऱ्या. कंपनीनंच दिलाय फ्लॅट."

"बरं," मी म्हणाले. जरा थांबले. म्हटलं, "भांडायचं कशाला? आपल्यात जसा कौल बघत्यात तसा बघू."

आमच्या वाड्यात चाल होती. नव्या रानात तळ पडला की आधी कोंबड्यांचं डालगं खाली घ्यायचं आणि कोंबड्या मोकळ्या सोडायच्या. दिवस मावळता त्या आपणहून डालग्यात येऊन बसल्या, तर जागा चांगली. झाडाबिडावर जाऊन बसल्या, तर तिथं काहीतरी वंगाळ आहे असं समजून सकाळी तळ हलवायचा. माझा सासरा तालुक्याला मानत नव्हता, पण कोंबडीला मानायचा.

"मी येती तुमच्याबरूबर होसूरला," मी म्हणाले, "कोंबडी घिऊन. तिथं सोडू. सांजच्याला परत आली तर रुद्र तुमचा. न्हाई आली तर मी त्याला घिऊन माघारी."

ज्ञानू हसला. "आई, आता मोबाईलच्या काळात—"

"मोबाईल काय सांगतो जागा चांगली हाय का वंगाळ?"

कोंबडी दिवेलागणीला उंचावर बसेल, झाडावर बसेल, कुणाच्या छपरावर बसेल, पण तीन जिने चढून परक्याच्या दारात यायची नाही. हे वाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीत जाणाऱ्याला कळत नाही.

पूनमनं भाकरी टोपल्यात टाकली. "चालंल, आत्या. पर बोल फिरवायचा न्हाई."

"अनसाबाईचा बोल कवा फिरला?"

कोंबडी मीच निवडली. तांबडी. माझ्या सगळ्या कोंबड्यांत आडमुठी. हाक मारली की दुसरीकडं तोंड करणारी. पूनम म्हणाली, "आत्या, जाईपर्यंत तांबडीला दाणं मी टाकती. सवय हुईल तिला." मी म्हटलं, टाक बाई. जाताजाता तरी तुझा हात हलू दे. मग ती रोज सकाळ-संध्याकाळ डालगं घेऊन परसात बसायची आणि रुद्र तिच्या मांडीत. मी कामात होते. बघितलं नाही.

सामान न्यायला कंपनीनं पोरं धाडली. बिहारकडची होती, चपळ. खोकी, चिकटपट्टी, फुग्याफुग्यांचा कागद. माझ्या पितळी हंड्यालासुद्धा कागद गुंडाळला, जसा काही तो उन्हानं करपणार होता. त्यांचा मुकादम म्हणाला, "माताजी, आप आराम से बैठिये."

घोडं लादायचं काम आमच्यात बाईचं. पुरुष मेंढरांबरोबर पुढं जातात आणि बाई मागं राहून बिऱ्हाड बांधते. त्यात एकच गोष्ट कळावी लागते. उतरल्यावर जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. तवा, पीठ, पाण्याचं भांडं हे सगळ्यात वर. या पोरांनी स्वयंपाकाचं खोकं पहिल्यांदा उचललं आणि गाडीच्या पार पोटात ढकललं. वर कपाट, वर पलंग, वर गाद्या.

मी बघत उभी राहिले, पण बोलले नाही. मला बैठनेको सांगितलं होतं, मी बसले. ज्याला परमुलखात जायचंय त्यानं आपला तवा बघावा. तिथं पहिल्याच दिवशी पोरगं उपाशी राहिलं तर माझ्याच बाजूनं झालं, असंही मनात आलं. मनात काय काय येतं.

राहिलेल्या कोंबड्या नाइलाजानं सरूबाईच्या हवाली केल्या आणि आम्ही दौंडवरून गाडीला बसलो. पूनमचे आईवडील डबा घेऊन स्टेशनावर आले होते. व्याही म्हणाले, "इहीणबाई, तुम्ही बरूबर हाय म्हणून काळजी न्हाई." त्यांना कौलाचं कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

डालगं मी बाकाखाली ठेवलं आणि वरून जुनं लुगडं टाकलं. तांबडीनं कुर्डुवाडीपर्यंत ब्र काढला नाही. टीसी आला, तिकिटं बघितली, आणि रुद्र त्याला म्हणाला, "काका, आमची कोंबडी पन येतीया."

टीसी खाली वाकला. लुगडं उचललं. तांबडीनं त्याच्याकडं बघितलं.

"मावशी, डब्यात कोंबडी नेता येत नाही."

"ती कुठं डब्यात हाय? ती डालग्यात हाय."

"नियम आहे."

"आमचा बी नियम हाय," मी म्हणाले.

तेवढ्यात पूनम म्हणाली, "जाधवकाका, वळखलं न्हाई का? मी लोको कॉलनीतली पूनम." त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लुगडं परत नीट पसरून ठेवलं. म्हणाला, "मी सोलापूरपर्यंतच आहे. पुढं तुम्ही आणि कोंबडी." पुढं कुणी विचारलं नाही. एक बाई तेवढी जागा बदलून गेली.

बंगलोरला उतरून मोटारीनं होसूरला पोचलो. बिल्डिंग गुलाबी. दारात रांगोळी, आमच्यासारखीच, फक्त पिठाची. वॉचमन काहीतरी बोलला, मी काहीतरी बोलले. त्याला माझं कळलं नाही, मला त्याचं कळलं नाही, त्यामुळं भांडण झालं नाही.

मी जिना कुठाय ते बघत होते. ज्ञानू म्हणाला, "आई, हिकडं. लिफ्ट हाय."

लिफ्टचं मला कुणी बोललं नव्हतं.

सामानाची गाडी वाटेत कुठं बंद पडली होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. रिकामी खोली. रुद्र "भूक, भूक" करत फरशीवर लोळायला लागला. ज्ञानू म्हणाला, "बाहेरनं इडली आणू का?" पूनम पिशवीजवळ बसली. आतून तवा काढला. मग पिठाचा डबा. मग मिठाची पुडी, कांदे, आणि गॅसची एक बारकी शेगडी, बाटलीवर चालणारी.

मी म्हणाले, "तवा गाडीत गेला हुता. मी बघितलाय."

"मी बी बघितला," पूनम म्हणाली. "कपाट चढवायच्या आधी ती पोरं चहा प्यायला गेली, तसं गाडीत चढून खोकं उघडलं आन् काढून घेतला. तुम्ही बोलला न्हाई. म्हणलं, आत्या मला बघत्यात, जमतंय का."

भाकरी चांगली झाली होती. पाणी वेगळं असूनही फुगली.

ऊन उतरल्यावर आम्ही तांबडीला बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत सोडलं. तिथं नारळाची झाडं होती, बांधकामाची वाळू होती, आणि ओळीनं स्कुटी लावलेल्या. मी मुद्दाम डालगं उचललं आणि वर निघाले. माझ्या हिशेबानं डालगं वर, कोंबडी खाली. पण पूनम म्हणाली, "डालगं ऱ्हाऊ द्या खालीच. वाड्यात बी खालीच असायचं न्हवं?" याला नाही म्हणता येईना.

दिवस मावळायला आला. मी वर येऊन गॅलरीत उभी राहिले. खालची माणसं वरून बघितली की केवढीशी दिसतात. पूनम डालग्यापाशी उकिडवी बसली होती, डोक्यावर पदर, मुठीत बाजरी. रुद्र तिच्याशेजारी तसाच बसलेला. ती हाका मारत नव्हती. माझी सासू अशीच बसायची. हाका मारल्या की कोंबडी बिचकते, म्हणायची. ती मूठ नुसती हलवायची, दाण्याला दाणा घासायचा. हे मी पूनमला कधी शिकवलं नाही. बघून बघून घेतलेलं दिसलं.

तांबडी वाळूच्या ढिगावर चढली. तिथून उडी मारली ती एका स्कुटीच्या सीटवर. अंग फुगवलं. आता बसणार. मी देवाचं नाव घेतलं. कुणाच्या बाजूनं घेतलं ते सांगत नाही.

रुद्र उठायला लागला, तसं पूनमनं त्याचा सदरा धरून खाली बसवला. मग त्यानंच मूठ पुढं केली आणि त्याचा बारीक आवाज वर आला, "ती, ती, ती." कोंबड्यांना बोलवायला मी त्याला परसात शिकवलं होतं, तसंच, शेवटचं ती जरा लांबवून.

तांबडी स्कुटीवरून उतरली. इकडं तोंड केलं, तिकडं तोंड केलं, आडमुठीच ती. आणि चालत चालत येऊन डालग्यात शिरली.

मी आत येऊन भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं लिफ्टचा आवाज झाला. दारात पूनम, डोक्यावर डालगं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत्या, डालगं कुठं ठिवू?"

मी म्हणाले, "कोंबडी आपल्या पायानं दारात आली न्हाई. लिफ्टनं आली."

"व्हय. लिफ्टनंच आली."

"मग?"

"वाड्यात तरी ती कवा पायानं घाट उतरली हुती? घोड्यावरनंच गेली न्हवं? डालग्यात शिरायचं काम कोंबडीचं. डालगं उचलायचं काम बाईचं. तुम्हीच सांगता."

ज्ञानू पंखा बघत होता. पंखा अजून बसवलेलाच नव्हता, नुसता हूक होता.

"गॅलरीत ठिव," मी म्हणाले. "तोंड भिंतीकडं कर. वारं लागतं तिला."

रुद्र माझ्याजवळ येऊन विचारायला लागला, "आजी, आली ना? आली ना आपली तांबडी?"

"आली बाबा. येडी हाय, पर आली."

दुसऱ्या दिवशी गाडी आली, सामान लागलं. मी ज्ञानूला सांगितलं, माझं माघारीचं तिकीट काढ. एकच काढ.

"महिनाभर ऱ्हा की, आई."

"ऱ्हाऊ कशाला? मी पहिल्यांदा घोडं लादलं त्या साली माझ्या सासूनं उभं राहून बघितलं. पुढच्या दिवाळीला ती घाट उतरली न्हाई. गावात राहिली. मी विचारलं, का वं? तर म्हणाली, आता दोघींची गरज न्हाई."

पूनमनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. वर चटणीची पुडी ठेवली. शेवटी ठेवली, म्हणून पिशवी उघडली की तीच आधी हाताला लागली.

दौंडला उतरून मी जीपनं निमोण्याला आले. सरूबाई माझ्या फाटकापाशीच उभी होती. तिनं माझ्या मागं बघितलं.

"एकटीच? नातू कुठाय गं?"

"कोंबडीपाशी."

"आन् कोंबडी?"

"तिसऱ्या मजल्यावर."

ती पुढचं काही विचारायला तोंड उघडणार, तोवर मी कुलूप काढून आत गेले. अंडी उचललेली दिसत होती. त्याचं नंतर बघू म्हटलं.

दिवेलागणीला मी ओट्यावर बसले. राहिलेल्या कोंबड्या परसातून एकेक करून आल्या, कोपऱ्यात जरा घुटमळल्या, आणि खुराड्यात शिरल्या. सगळ्या शिरल्या. म्हणजे इथंही राहायला हरकत नव्हती.