कापरी रेषा

चित्रकाराची चित्रं कॉम्प्युटर काढायचा, ऐट मात्र चित्रकाराची. गिऱ्हाईक हा शब्द त्याला चालत नसे. त्याच्याकडे संग्राहक येत. संग्राहकाने जन्मवेळ सांगायची, आवडता रंग सांगायचा, लहानपणची एखादी आठवण माइकसमोर बोलायची. मग प्रोग्रॅम त्यातून फक्त त्याच्यासाठी एक चित्र काढी, भिंतीवरच्या स्क्रीनवर संथ हलणारं, जगात दुसरं नसलेलं. असली चित्रं इतरही करत. याचं नाव झालं ते रेषेमुळे. ती कापरी होती, जिवंत होती, बघणाऱ्याला जागीच खिळवून ठेवायची.

ती रेषा त्याच्या आईची होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

दीड वर्षापूर्वी झटका येऊन आईचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रोज सकाळी रेघा ओढायला सांगितल्या. लेकाने लगेच डिजिटल पाटी आणून दिली. पोरगा माझं किती करतो, असं आई बाईंना सांगायची. करत होताच म्हणा. तिची एकेक रेघ जपून ठेवत होता.

आता दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांच्याकडे त्याची चार चित्रं आधीच होती, बारा चित्रांची मालिका सांगितली. "पण रेषा नव्या हव्यात हं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणासाठी वापरलेली एकही नको. ही थरथर आणता तरी कुठून तुम्ही?"

"प्रोग्रॅममध्येच आहे ती," चित्रकार म्हणाला. शेजारच्या खोलीत आई पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. दार उघडं होतं आणि तिथून भिंतीवरचा स्क्रीन समोरच दिसत होता.

नेमका त्याच आठवड्यात आईचा हात सुधारला. पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने रेघ ओढली, ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

"बघ रे," ती म्हणाली. व्यायामाच्या बाई तर डोळे पुसत होत्या.

चित्रकाराचा चेहरा पडला. बाई गेल्यावर तो म्हणाला, "आई, घाईत काढलीस. जरा डाव्या हाताने बघ." डाव्या हाताची रेघ नुसतीच वेडीवाकडी आली. मग त्याने डोळे मिटून काढायला लावली. त्या रेघेतही जीव नव्हता.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "माझा हात बरा झाला तर तुझं काही अडतं का रे?"

"काहीतरीच काय, आई."

दुसऱ्या दिवशी आईचा हात पुन्हा कापू लागला, पहिल्यापेक्षा जास्तच. त्या सकाळी चाळीस रेघा मिळाल्या आणि चित्रकाराचा जीव भांड्यात पडला. व्यायामाच्या बाईंना फोन करावा असं एकदा त्याच्या मनात आलं. मालिका पुरी झाली की करू, असं त्याने ठरवलं. लाज वाटायला हवी होती, पण तेवढी सवड कुणाला होती?

आठव्या दिवशी तो चहाचे कप घेऊन आईच्या खोलीकडे आला आणि दारातच थबकला. आई खिडकीपाशी बसून त्याच्या शर्टाचं बटण लावत होती. दोरा संपला तसा तिने नवा घेतला आणि उजव्या हाताने पहिल्या फटक्यात सुईत ओवला.

तो तसाच मागे सरला. कप मुद्दाम वाजवत पुन्हा आला, तोवर शर्ट उशीखाली गेला होता आणि पाटीवर आईचा हात थरथरत होता.

"अजून किती हव्यात रे?" तिने विचारलं.

"वीसेक," तो म्हणाला आणि कप तिच्या डाव्या हातात दिला.