सहाव्या आणि सातव्या कंट्रोलच्या मध्ये

नबीलाने माझं नाव मला न विचारताच जोडीच्या यादीत घातलं होतं. खारघरच्या डोंगरावर सकाळी पावणेआठला मी चिप घ्यायला टेबलापाशी गेलो, तेव्हा आमच्या स्पर्धा भरवणाऱ्या सुगतने सांगितलं की तुम्ही आज एकटे नाही, मकबूलभाईंच्या मुलीबरोबर आहात. मी वळून पाहिलं. ती एका दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होती. गळ्यात तिच्या वडिलांचं होकायंत्र होतं.

"चालेल ना काका? माझी दुसरीच स्पर्धा आहे. तुमी असलात तर बरं," ती म्हणाली.

चालणार नव्हतं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

मी नवी मुंबईत पावणे इथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. नट, बोल्ट, गॅसकेट, कुठल्या रॅकवर काय आहे ते डोळे मिटून सांगतो. ऐरोलीत राहतो, वय छप्पन्न. आठ वर्षांपूर्वी ओरिएंटियरिंग नावाच्या या खुळात पडलो. खेळ साधा आहे. हातात नकाशा देतात, त्यावर क्रमांक घातलेल्या जागा असतात. प्रत्येक जागी नारंगी-पांढरा झेंडा टांगलेला, त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. तिथल्या डबीत बोटाला बांधलेली चिप घालायची, वेळ नोंदली जाते. क्रम चुकवायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, कोणाला वाट विचारायची नाही आणि सांगायचीही नाही. सुनयना, म्हणजे माझी बायको, म्हणते की सगळं जग रविवारी घरी येतं आणि आमचे हे मुद्दाम हरवायला जातात.

मला नकाशा धरायला शिकवलं ते मकबूलभाईंनी. ते जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, बारीक, ताठ आणि नियमाला एकदम पक्के. एकदा बेलापूरच्या टेकडीवर मी अर्धा तास भरकटलो होतो. ते समोर दिसले तेव्हा लाज सोडून विचारलं की भाई, आपण आहोत कुठे. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं, "नकाशा तुमच्याकडे पन आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. शर्यत संपल्यावर आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी त्यांनी मला वाढली. दिशा मात्र दिली नाही. सरावाला बरोबर आणलेल्या स्वतःच्या मुलीलाही ते कधी दिशा सांगत नसत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये याच डोंगरावर स्पर्धा होती. सहाव्या कंट्रोलनंतर मी चुकलो. तिथे दोन कोरडे नाले शेजारी शेजारी आहेत, दिसायला सख्खे भाऊ. मी दुसऱ्यात उतरलो आणि पहिल्यातच आहे असं धरून चाललो. नकाशातला एकेक दगड, एकेक झुडूप त्या चुकीच्या नाल्यात बसवत गेलो. आमच्यातल्या प्रत्येकाने ही चूक कधी ना कधी केली आहे. शेवटी काहीच जुळेना, म्हणून एका उंचवट्यावर चढलो. समोरच्या उतारावर, साधारण साठ पावलांवर, मकबूलभाई एका कातळाला पाठ टेकून बसले होते.

मी ओरडून विचारलं, "भाई, बरं आहे ना?"

त्यांनी उजवा हात वर केला. सरळ नाही, जरा माझ्या डावीकडे कललेला. आणि तसाच धरून ठेवला. मी डावीकडे पाहिलं तर तिथे एक खिंड होती, जी इतका वेळ माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी खूश झालो. मनात म्हटलं, आज भाई विरघळले. थँक यू भाई, असं ओरडलो आणि पळालो. सातवा कंट्रोल त्या खिंडीतच होता.

मी तिसरा आलो. आयुष्यातलं पहिलं पदक. सुगत आमचे फोटो काढत असताना कोणीतरी म्हणालं की एक चिप अजून परत आलेली नाही.

सव्वाअकराला ते सापडले. तसेच, कातळाला टेकून बसलेले. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हृदयविकाराने गेले. कोणी विचारलं नव्हतं तरी एवढंही म्हणाले की त्रास बराच वेळ होत असणार, एकदम नाही झालं हे. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो.

त्या रात्रीपासून तो हात माझ्या मागे लागला. रस्त्यात कोणी रिक्षा थांबवायला हात केला की मी जागीच थांबतो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी भिंतीला टेकून बसलं की मी जाऊन विचारतो, बरं आहे ना. एकदा एकाच माणसाला तीनदा विचारलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला की साहेब, झोपू द्या की. स्पर्धा मी सोडल्या नाहीत, कारण सोडल्या तर लोक कारण विचारतील. पण पळतो कमी आणि थांबतो जास्त. गेल्या वर्षभरात मी बहुतेक वेळा शेवटून दुसरा आलो आहे.

आज सुगतने सहावा आणि सातवा पुन्हा त्याच बाजूला लावले होते. नकाशा हातात पडताच ते दिसलं. नबीला पहिल्या पाच कंट्रोलपर्यंत छान धावली, दोनदा मला चूक दाखवली आणि ती बरोबर होती. सहाव्याला चिप लावल्यावर तिने नकाशाची घडी घातली. त्याच्याकडे न बघता ती नाल्यात उतरली, पलीकडे चढली आणि नेमकी त्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली; वडील समोरच्या उतारावर सापडले एवढं तिला ठाऊक होतं. मी धापा टाकत मागून पोचलो.

तिने कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. त्या दिवसाचा निकाल होता. आमच्याकडे प्रत्येकाची प्रत्येक कंट्रोलवरची वेळ छापतात. ग्रुपवर सगळ्यांना येतो तो निकाल, पण जो तो आपलंच नाव बघतो. मला दोन वर्षं त्याच भरवशावर झोप लागत होती, म्हणजे जेवढी लागत होती तेवढी. तिच्या कागदावर दोन ओळींना पिवळा रंग लावलेला होता.

"अब्बांचा सहावा आठ बावन्नला," ती म्हणाली. "तुमचा आठ अठ्ठावन्नला. तुमच्यानंतरचा माणूस सहाव्याला वीस मिनिटांनी आला. मला वाटायचं तुमी कधीतरी घरी याल आणि सांगाल. अम्मी पन विचारायची, अरविंदभाई का येत नाहीत."

मयतीला गेलो होतो, त्यानंतर त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. चाळीसाव्या दिवसाच्या विधीचं बोलावणं आलं तेव्हा ताप आल्याचं सांगितलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. नाला, हात, खिंड, थँक यू, पदक. एवढं सांगून थांबलो असतो तर चाललं असतं, तिने पुढे काही विचारलं नव्हतं. पण मलाच राहवलं नाही.

"भाई कोणाला दिशा दाखवत नाहीत हे मला माहीत होतं गं," मी म्हणालो. "त्या क्षणाला पण माहीत होतं. मला कंट्रोल पाहिजे होता, म्हणून मी ते मनातून ढकललं."

ती रडली नाही. समोरच्या उतारावर अब्बा नेमके कुठे बसले होते ते विचारलं. मी दाखवली. म्हणाली, तुम्ही तिथे जाऊन बसा, मी इथून बघते.

मी नाल्यात उतरलो. ती साठ पावलं मोजत गेलो. कातळाला पाठ टेकून बसलो. दगड उन्हाने तापला होता. तिथून नबीला लहान दिसत होती, अगदी शाळकरी मुलगी उभी असावी तशी.

"हात करा काका," तिने ओरडून सांगितलं. "तसाच."

मी उजवा हात वर केला, जरा कललेला. ती बघत राहिली. मिनिटभर गेलं असेल, खांदा भरून आला, पण मी हात खाली घेतला नाही.

तेवढ्यात तिच्या मागून निळ्या टी-शर्टातला एक स्पर्धक धावत वर आला. गोंधळलेला होता, नकाशा उलटसुलट करत होता. त्याने मान वर केली आणि त्याला मी दिसलो. क्षणभर थांबला. मग डावीकडे पाहिलं, हसला, मला अंगठा दाखवला आणि खिंडीकडे पळत सुटला.

नबीलाची मान त्याच्यामागे वळली. तो खिंडीत दिसेनासा झाला तरी ती त्या दिशेला बघत होती. मग ती उतरू लागली. नाला ओलांडला, करवंदीच्या जाळीत ओढणी अडकली ती सोडवली, आणि वर येऊन माझ्या शेजारी कातळाला टेकून बसली.

"तो गेला," ती म्हणाली.

"हो."

"थांबला नाही."

माझा हात अजून वरच होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि हळूच खाली आणला.