पहिला नंबर आलेली पिकदाणी

मी एक जुनी पिकदाणी आहे. मित्रांनो, नाकं मुरडून झाली असतील तर थोडं पुढे सरकून बसा. ज्यांना हे नावच नवीन आहे त्यांनी मात्र आधी ऐकून घ्यावं. पिकदाणी म्हणजे थुंकायचं भांडं. वर पसरट तोंड, मध्ये आखूड मान, खाली गरगरीत पोट. माझ्यात फुलं ठेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. माझ्यात थुंकतात. इतकं साधं, स्वच्छ आयुष्य होतं माझं. ते माणसांनी कसं घाण करून ठेवलं, त्याची ही हकिगत.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून पोट काढलं, बाहेरून चकचकीत केलं आणि आतून तसंच सोडलं. शेजारच्याने विचारलं, "हिला कल्हई नाही लावायची?" तांबट म्हणाला, "कशाला? हिच्यात कोण जेवायला बसणार आहे?"

पितळेच्या भांड्याला आतून कल्हईचा, म्हणजे कथलाचा, हात दिलेला नसला, तर त्यात आंबट काही ठेवू नये. ते कळकतं. हिरवट होतं आणि जिभेवर जुनी किल्ली चाटल्यासारखी चव येते. हे एवढं लक्षात ठेवा. पुढे मोठमोठ्या माणसांनी ते ठेवलं नाही.

मी नोकरीला लागले ती रेडिओच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत. जाड पडदे, बंद खिडक्या, छताला एक खाली लोंबणारा माइक आणि कोपऱ्यात मी. माइकसमोर उभं राहण्याआधी प्रत्येक जण माझ्याकडे यायचा, घसा मोकळा करायचा आणि मग गोड आवाजात देशाशी बोलायचा. त्या काळाला आता लोक सोनेरी काळ म्हणतात. सोन्याचं मला माहीत नाही. मी तो काळ तळातून पाहिला आहे आणि तळाशी सोनं नव्हतं.

लोकांना त्या मंडळींची क्रमवारी लावायची भारी हौस. कोणाचा आवाज पहिला, कोणाचा दुसरा. माझ्याकडेही एक क्रमवारी आहे, आणि ती अधिक खरी आहे. सगळ्यात खाली तो प्रेमगीतं गाणारा देखणा गायक. त्याच्या गाण्यांवर म्हणे घराघरांत लग्नं जुळली. तो खाकरायचा तेव्हा तुंबलेली मोरी मोकळी होते आहे असं वाटायचं, आणि जे बाहेर यायचं ते मोरीतूनही येत नाही. त्यात नेम नाही. अर्धं माझ्या तोंडात, अर्धं माझ्या अंगावर, आणि वर डोळे मिटून 'प्रिये'. त्याच्या एक पायरी वर लहान मुलांचा कार्यक्रम करणारे गोडमामा. "बाळांनो, जेवणाआधी हात धुवा हं," असं सांगून माइक बंद झाला की मामांचं बोट नाकात जायचं आणि मग ते बोट माझ्या काठाला पुसलं जायचं. जाऊ द्या. तुम्ही जेवून आला असाल.

आणि पहिला नंबर कोणाचा, तर श्रुतिकांमधल्या खलनायकाचा. त्याचं हसणं ऐकून गावोगाव पोरं पांघरुणात शिरायची. हा गृहस्थ मिठाच्या पाण्याची गुळणी करायचा, खाली वाकून हळूच सोडायचा, रुमालाने माझा काठ टिपायचा आणि म्हणायचा, "माफ करा हं." कोणाला म्हणायचा कोण जाणे. खोलीत मीच असायचे.

माझ्याशी नीट बोललेलं दुसरं माणूस म्हणजे बाई. तेव्हा त्या कोवळ्या होत्या, पण गाताना कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. एकदा त्यांचं गाणं ऐन वेळी काढून दुसरीला दिलं. बाई सरळ आल्या आणि मला लाथ घातली. मी दारातून बाहेर, जिन्यावरून खाली, पायरीपायरीवर आदळत, पार तळमजल्याच्या भिंतीपर्यंत. असा काही गडगडाट झाला की चहावाल्याने बाहेर वाळत घातलेली फडकी आत घेतली.

ध्वनिमुद्रक धावत आला. मला काय झालं ते त्याने पाहिलं नाही. "काय आवाज आहे," म्हणाला आणि मला परत वर नेऊन, माइक लावून, पुन्हा जिन्यावरून सोडलं. तेव्हापासून त्या केंद्रावरच्या प्रत्येक श्रुतिकेत जी वीज कोसळली ती मी. राजवाड्यावर मी कोसळले, जहाजावर मी कोसळले, एका सासूवरही कोसळले. कुठे माझं नाव आलं नाही.

त्या पहिल्या लाथेने माझ्या पोटाला एक पोचा आला. बाईंच्या अंगठ्यालाही काहीतरी झालं असावं, कारण त्या लंगडत खाली आल्या होत्या. माझ्या पोच्यावर हात फिरवून त्या म्हणाल्या, "लागलं का गं?"

मग केंद्र नव्या इमारतीत गेलं आणि मी अडगळीत. तिथे एका उंदरिणीने माझ्यात बाळंतपण उरकलं. तेही चाललं, तिने निदान गाणं म्हटलं नाही. पुढे अडगळ भंगारवाल्याने उचलली, आणि त्याच्या हातगाडीवरून मला माहितीकाकांनी उचललं.

माहितीकाका हे निवृत्त मीटर तपासनीस. आयुष्यभर विजेचं मीटर बघायला घरोघर गेले आणि मीटर सोडून बाकी सगळं बघत बसले. निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी जुन्या वस्तू मांडल्या. चार पायांचा लाकडी टीव्ही, तबकडीचा फोन, कॅसेटींचा ढीग. दर रविवारी लोक येत, "अय्या, आमच्याकडे पण होता," म्हणत, आणि मग काका माहिती सांगत. एका राजाला शिंक आली की राजधानीत सुट्टी मिळायची. जगात पहिल्यांदा फोन वाजला तो राँग नंबर होता. ही माहिती काका आंघोळ करताना तयार करायचे. पाणी जितकं गरम, तितकी माहिती जुनी. काकांना 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी उच्चारता आले नाहीत. ते ओठांशी आले की त्यांना ठसका लागायचा.

भिंतीवर एक फळा होता. आलेल्या माणसांनी आवडत्या वस्तूला मत द्यायचं आणि फळ्यावर क्रमवारी लागायची. खोली एकच आणि वस्तू येतच राहणार, म्हणून काकांनी नियम केला होता: महिनाअखेर जी वस्तू सगळ्यात खाली, ती परत भंगारात. भंगारातलं पितळ कुठे जातं ते मी तुम्हाला सांगायला नको. भट्टीत जातं. वितळून त्याचे नळ होतात.

मी सगळ्यात खाली होते. माझ्या वर कोण होतं, तर एक पेन्सिल. टोक चघळलेली, दातांच्या खुणा असलेली पेन्सिल. तिने म्हणे कॅसेटची फीत गुंडाळायचे. बायाबापड्या त्या उष्ट्या काडीकडे बघून डोळे पुसायच्या. मला ओकारी यायची, पण माझ्यासारखीने ओकायचं तरी कशात?

"अहो, हिच्यावर काहीतरी लिहा की," एकदा काकू म्हणाल्या. काकू म्हणजे माहितीकाकांच्या पत्नी. खोली त्याच झाडायच्या. "नुसतं 'पितळी भांडे' लिहिलंय. कोण मत देणार? काय आहे काय हे?"

काकांना ठसका लागला.

"फुलदाणी असेल," काकू म्हणाल्या.

"फुलदाणीचं तोंड एवढं पसरट असतं का? थांब, आंघोळ करून येतो."

बाहेर आले ते चेहरा उजळूनच. टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांनी माझ्यापुढे पाटी ठेवली. 'राजेशाही सरबतपात्र. तह करताना दोन्ही राजे यातलेच सरबत पीत, म्हणजे विष नाही याची खात्री पटे.' पुढच्या रविवारी लोकांनी माझे फोटो काढले. त्याच्या पुढच्या रविवारी मी टीव्हीच्या वर गेले. मग फोनच्या. महिनाअखेर मी पहिली होते आणि पेन्सिल माझ्या पायाशी.

मी सुटले, असं वाटलं. तेवढ्यात खोलीच्या वाढदिवसाचं ठरलं आणि एक पाहुणी म्हणाली, "काका, मग त्या दिवशी सरबत याच्यातलंच द्या ना." काका म्हणाले, "अर्थात."

मित्रांनो, माझी किळस समजून घ्या. माझ्या आत त्या देखण्या गायकाची अख्खी कारकीर्द वाळून चिकटलेली होती. गोडमामा होते. उंदरिणीचं सूतिकागृह होतं. काकांनी मला घासलं, पण बाहेरून, फोटोत दिसतं तेवढंच. आत पाणी फिरवलं आणि ओतून दिलं. मग त्यात लिंबाचं सरबत केलं, साखर घालून, वर वेलदोडा. ते माझ्या पोटात कळकायला लागलं आणि मी तिथे हार घालून उभी. खरं कळलं तर पाटी जाणार, क्रमांक जाणार आणि मी भट्टीत. कळलं नाही तर ही सगळी माणसं हे पिणार. मला वाचा असती तरी मी काय बोलले असते, ते मला आजही ठरवता येत नाही.

पहिला पेला प्रमुख पाहुण्यांचा. आणि पाहुण्या म्हणून काठी टेकत आल्या त्या बाई. केस पांढरे झाले होते, पण उभ्या राहिल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

त्यांनी फळा वाचला. "हे पहिलं आलंय होय? आणि शेवटचं कोण?"

"पेन्सिल," काकू म्हणाल्या. "तिला काही नाही हो, मी स्वयंपाकघरात घेईन. पण हेच महिन्यापूर्वी शेवटी होतं. भट्टीतच जायचं, थोडक्यात वाचलं."

"असं."

काकांनी लांब दांड्याच्या पळीने पेला भरला. बाईंनी मोठा घोट घेतला आणि त्या तशाच थांबल्या. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. काका माइकवर दोन राजांच्या तहाबद्दल बोलत होते. बाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडापासून मानेपर्यंत, मानेपासून पोटापर्यंत त्यांची नजर उतरली आणि पोच्यावर येऊन अडकली.

तोंडात घोट असलेल्या माणसाला काही बोलता येत नाही. खोलीभर माणसं हातात रिकामे पेले घेऊन त्यांच्याकडे बघत होती. काका बघत होते. मी तर बघतच होते. गिळलं असतं तर माझी पाटी वाचली असती आणि बाकीचे रांगेत प्यायले असते. जमिनीवर टाकलं असतं तर सगळं संपलं असतं.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. मान किंचित तिरकी केली आणि थुंकल्या. पिचकारी अशी गेली की माझ्या काठालाही लागली नाही, सरळ पोटात. इतक्या वर्षांनी नेम म्हणजे काय ते मी अनुभवलं.

काकांच्या हातातली पळी वाकडी झाली. "बाई," ते म्हणाले, "काय झालं?"

"काय व्हायचंय?" बाईंनी पदराने ओठ टिपले. "राजाचा पहिला घोट पात्राला परत द्यायचा असतो. आणि नंतर त्यातलं कोणी प्यायचं नसतं. एवढी माहिती गोळा करता आणि हे नाही तुम्हाला माहीत?"

काकांना ठसका लागला. मोठा लागला. तो ओसरला तेव्हा ते म्हणाले, "माहीत आहे ना. तुम्ही करता की नाही, तेच बघत होतो." आणि माइककडे वळून, "मंडळी, ही प्रथा फार थोड्यांना ठाऊक आहे."

मग काकूंनी स्वयंपाकघरातून काचेच्या बरणीत ताजं सरबत करून आणलं आणि रांग लागली. प्रत्येकाने पहिला घोट मला परत केला. मोठमोठ्या बायका, टाय लावलेले पुरुष, एक बँक मॅनेजर. नेम कोणाचाच नाही. माझ्या हारावर, माझ्या पाटीवर, टीव्हीच्या पायावर. आणि सगळे पुटपुटत होते, "काय ते जुने लोक, काय त्यांच्या रीती."

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. काकू पलीकडे पेले गोळा करत होत्या. बाईंनी पोच्यावर अंगठा फिरवला. "लागलं होतं का गं तेव्हा?" असं हळूच विचारून त्या काठी टेकत गेल्या.

त्यानंतर मी पहिल्या क्रमांकावरून हललेले नाही. दर रविवारी रांग लागते, दर रविवारी मला परत घोट मिळतात. माझं काम मला परत मिळालं आहे, मित्रांनो, आणि ज्या कारणाने मिळालं त्याची मला अजून शिसारी येते. लोक माझ्यासमोर हात जोडतात, फोटो काढतात, थुंकतात आणि घरी जातात. सोमवारी माझ्या पोटात ते सगळं आंबत असतं. काका तेव्हा आंघोळीला गेलेले असतात, नवी माहिती आणायला.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. कृपा करून तिचं कौतुक करू नका. तिला पाटी लावू नका, तिला पहिला नंबर देऊ नका. ती काय होती ते तिच्या एखाद्या जुन्या ओळखीच्याला विचारा, आणि मग राख घ्या, पिळलेल्या लिंबाची साल घ्या आणि घासा. बाहेरून नव्हे. बाहेरून सगळेच घासतात. बाही वर करा आणि हात आत घाला.