दोनशे तीन खाचा

मित्रांनो, आधी एक सांगते: माझ्यावर पाय ठेवू नका. मी लाकडाची जुनी शिडी आहे, बारा पायऱ्यांची, आणि माझा डावा दांडा मधोमध मोडलेला आहे. घरामागच्या खिडकीशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. अंगावर दोडक्याचा वेल चढलाय, त्याचं ओझं तेवढं झेपतं. तुम्ही म्हणाल, म्हातारी कुरकुर करते. करते! जन्मभर माणसांना अंगावर घेतलं, आता दोन शब्द बोलले तर कुणाचं काय जातं?

आमचं शहर समुद्राच्या मधोमध. चारी बाजूंनी पाणी आणि अर्धं वर्ष वरूनही पाणी. वारा असा, की आपल्या अंगणात वाळत घातलेली चादर तिसऱ्या गल्लीत सापडते. अशा गावात छप्पर घालणाऱ्याच्या हातावर साऱ्यांचं सुख. मला एका सुताराने थोरल्या मिस्त्रींसाठी बनवलं. ते तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. त्यांची एक पद्धत होती. घरावर पत्रे चढवले, की ते कौतुक ऐकायला थांबत नसत. एक अख्खा पावसाळा जाऊ देत. मग दारात जाऊन घरच्या बाईला विचारत, "गळलं का?"

बाई "नाही" म्हणाली, की माझ्या दांड्यावर पटाशीने एक खाच. "एक थेंब आला हो" म्हणाली, की दुरुस्ती फुकट आणि खाच नाही. पुरुषाला ते कधी विचारत नसत. म्हणायचे, "तो भिडेखातर खोटं बोलेल. बादली तिला ठेवावी लागते, ती खरं सांगेल."

त्यांच्या हाताखाली एक तरणा माणूस पंधरा वर्षं राबला. थोरले मिस्त्री गेले तेव्हा माझ्यावर एकसष्ट खाचा होत्या. त्यांच्या मागे मी त्या तरण्याकडे आले. यापुढे मी नुसतं मिस्त्री म्हणेन, ते त्यालाच. त्याने पद्धत मोडली नाही. पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली रबरी चकती, आढ्यावरचा पत्रा दुहेरी दुमडलेला. एकशे बेचाळीस खाचा त्याने आपल्या हातांनी पाडल्या. दर खाचेला मला दुखायचं. पण डूल घालायचे तर कान टोचावेच लागतात, असं मी मनाला समजवायची. मिरवायचीही, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या शिड्या नुसत्या लाकडाच्या, मी मानाची.

आणि आमच्या स्वतःच्या घराचं म्हणाल, तर ते गळायचं. मिस्त्रीची बायको म्हणायची, "अहो, गावाची डोकी कोरडी ठेवता, आणि आमच्या नशिबी पातेली!" तो हसायचा. "अगं, पुढच्या वर्षी नक्की." तिने पत्र्यांसाठी पैसे साठवायला घेतले होते.

मग ते मोठं वादळ आलं. शहरातली शेकड्यांनी छपरं उडाली. कुणी उपटसुंभाने चार खिळ्यांवर ठोकलेला पत्रा उडून रस्त्यावरच्या एका माणसाला लागला आणि तो जागीच गेला. त्यानंतर नियम झाला: परवाना नसेल त्याने छपराला हात लावायचा नाही. नियम वाईट नव्हता, हे मलाही कळतं. त्या माणसाच्या घरच्यांनी आणखी काय मागायचं?

पण परवाना म्हणजे परीक्षेची फी, विम्याचा हप्ता, अनामत, शिवाय दोन वर्षांच्या अनुभवाचा लेखी पुरावा. बायकोने पत्र्यांचे पैसे काढून दिले. म्हणाली, "एक पावसाळा आणखी काढू. तुमचा धंदा राहिला तर छप्पर काय, कधीही होईल." संध्याकाळी ती पुस्तकातले प्रश्न वाचायची आणि तो उत्तरं द्यायचा. पन्नाशीतला माणूस परीक्षेला बसला आणि पास झाला हो! त्या दिवशी तिने साऱ्या गल्लीला साखर वाटली.

राहिला तो पुरावा. थोरले मिस्त्री गेलेले, त्यांच्याकडे कुठला आलाय परवाना? मेलेल्या माणसाची सही आणायची कुठून? मिस्त्रीने दोन दिवस विचार केला आणि मला खांद्यावर घेतलं.

असा भोळा माणूस, मित्रांनो! पुरावा मागितला, तर शिडी घेऊन कचेरीत निघाला. पहारेकरी म्हणाला, "काय काका, दिवा बदलायला आलात?" जिन्याच्या वळणावर मी तीनदा अडकले. वरच्या मजल्यावर एक कारकून बाई होत्या. त्यांनी चेष्टा केली नाही. मिस्त्रीने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि बोट ठेवून खाचा मोजल्या. दोनशे तीन. म्हणाल्या, "काका, हे मी लिहू कसं? थांबा, साहेबांना बोलावते."

साहेब आले. तेही माणूस वाईट नव्हते, नाहीतर शिव्या घालून मोकळे झाले असते. त्यांनी माझ्या डाव्या दांड्यावरून अंगठा फिरवला आणि एका खाचेशी थांबले. तिथे केसाएवढी चीर होती. मला ती ठाऊक होती. मिस्त्रीला नव्हती.

"हिच्यावर रोज चढता?"

"हो साहेब. तीस वर्षं."

"अहो, जो माणूस स्वतःच्या शिडीला दोनशे ठिकाणी कापतो, त्याला सुरक्षेची समज आहे असं मी कुठल्या तोंडाने लिहू?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, त्या दोनशे घरांत कुणालाही विचारा."

"काम झालं तेव्हाच घरवाल्यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर धरल्या असत्या. आता लिहून आणलेलं चालत नाही, कुणीही आणतं. परवानेवाल्या कंत्राटदाराकडे दोन वर्षं काम करा, त्याचं पत्र आणा. आणि ही शिडी आजच मोडून टाका."

त्यांनी माझ्यावर लाल रंगाची फुली मारली. अर्ज नामंजूर, भरलेली फी बुडाली. घरी येताना मी मिस्त्रीच्या खांद्यावर होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची साक्ष द्यायला गेले आणि त्याच्याच गळ्याला फास लावून आले.

तो एका कंत्राटदाराकडे रोजावर लागला. हा आधी फरश्या विकायचा, परवाना मात्र चोख. एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू मारा म्हणायचा. मिस्त्री म्हणाला, "शेठ, वाऱ्याला हे पुरायचं नाही." त्याने विचारलं, "परवाना कुणाचा आहे? तुझा की माझा?" पत्र हवं होतं, मिस्त्रीने सांगितले तेवढेच स्क्रू मारले. पावसाळा संपल्यावर तो सवयीने त्या घरांत विचारायला गेला. दुसऱ्याच दारातून परत आला आणि पुन्हा कधी गेला नाही. पटाशी तशीच पिशवीत गंजली.

मला मोडून टाकायला त्याचा जीव धजला नाही. तिथेच चुकलं. पत्राला पाच महिने उरले असताना, एका सुट्टीच्या दिवशी, बायको म्हणाली, "अहो, डोक्यावर धार लागते हो आता. एक ठिगळ तरी मारा." चांगली शिडी कंत्राटदाराच्या गोदामात कुलपात. मिस्त्रीने मला छपराला लावलं. नको रे बाबा, नको, असं मी किती म्हणाले! पण लाकडाला तोंड कुठे असतं? सातव्या पायरीवर डावा दांडा त्या चिरेपाशी कडकन मोडला. ती खाच त्याने आयुष्यात पाडलेली पहिली खाच होती.

मिस्त्रीचा मोडलेला पाय जुळला, पण वाकडा. आता तो छपरावर चढणार नाही. दिवसभर पलंगावर असतो, मला खिडकीतून दिसतो. पाऊस आला की पातेल्यात टपटप सुरू होते. परवा त्याने डोळे मिटूनच विचारलं, "अगं, गळतंय का?"

तिने पातेल्यात फडकं घातलं, आवाज होऊ नये म्हणून. "नाही हो," म्हणाली, "थेंबसुद्धा नाही."

त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तीस वर्षं बायकांची उत्तरं ऐकलेला माणूस तो, त्याला का कळलं नसेल?

मित्रांनो, तुमच्या घरात पाऊस येत नसेल, तर तो कुणीतरी बाहेर थांबवलाय. त्या माणसाला आजच बोलवा. एका कागदावर दोन ओळी लिहा, तारीख घाला, सही करा आणि त्याच्या हातात द्या. त्याची कामगिरी शिडीवर कोरू देऊ नका. शिडीला ती पेलत नाही.