वालेन्तीच्या नावाचं पान

फादर लुद्विक गुप्त पोलिसांशी बोलत होते, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर ते म्हणाले, "एकोणऐंशी साली, कम्युनिस्टांच्या राज्यात, या चर्चच्या छपराला पत्रा मिळत नव्हता. मी पोलिसांच्या कागदावर सही केली आणि पत्रा मिळाला. पुढं आठ वर्षं एक अधिकारी माझ्याकडे चहाला यायचा. माझी फाइल मीच मागवून आणली आहे. ज्याच्याविषयी मी बोललो, त्याचं पान त्याच्या घरी घेऊन येईन." एवढं बोलून ते आत निघून गेले. वर पाहिलं तर तोच पत्रा, ज्याखाली आम्ही सत्तावीस वर्षं कोरडे बसलो होतो.

ओल्खोवेकसारख्या आडगावच्या पाद्र्याची फाइल कोण उघडणार होतं? शहरातल्या मोठमोठ्या धर्मगुरूंची नावं खबरी म्हणून वर्तमानपत्रात येत होती, आणि ते 'आठवत नाही' म्हणत होते. आमच्या या म्हाताऱ्यानं मात्र आपणहून आगीत हात घातला. मला कुणाचं सहसा कौतुक वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. माझ्या वालेन्तीचं पान त्या फाइलीत असणार, हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

वालेन्ती माझा नवरा. रेल्वेत इंजिन चालवायचा. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि गावात अठरा-एकोणीस वर्षं दारुडा म्हणून वावरला. चौऱ्याऐंशी साली रेल्वेनं 'पिऊन कामावर येतो' म्हणून त्याला इंजिनावरून उतरवलं आणि यार्डात रुळांना वंगण घालायला लावलं. कोण म्हणालं, कुणी पाहिलं, काही कळलं नाही. एकदा नाव पडलं की पडलं. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याचा दोस्त रोमाननं थडग्यावर मेणबत्तीशेजारी वोदकाची छोटी बाटली ठेवली. प्रेमानंच ठेवली मेल्यानं. मी ती उचलून फेकली, तर पुढच्या वर्षी तिथं दुसरी.

जानेवारीत घरभेटी सुरू झाल्या. दरवर्षी फादर येतात, प्रार्थना म्हणतात, घरावर पवित्र पाणी शिंपडतात आणि दारावर खडूनं बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या नावांची अक्षरं आणि नवं साल लिहितात. या वर्षी त्यांच्या काखेत फाइलही होती. कुणी दार उघडलं नाही, कुणी हसून चहा पाजला. समोरच्या दारातली ओतिलिया मला म्हणाली, "अगं गेनिया, माझ्या पानावर काय निघालं सांगू? मी कोबी छान आंबवते! सरकारी शिक्क्यासकट."

"मग भिंतीवर लाव," मी म्हटलं.

माझ्याकडे ते गुरुवारी दुपारी आले. टेबलावर पांढरी चादर, क्रूस, दोन मेणबत्त्या, सगळं मांडून ठेवलं होतं. शहात्तर वर्षांचा माणूस, बर्फातून लंगडत आलेला. तरी मी चहा विचारला नाही. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि पान माझ्यापुढे ठेवलं.

"मोठ्यानं वाचा, गेनियाबाई. सगळ्यांना मी तेच सांगतो. मनातल्या मनात वाचलंत, तर माझी सुटका होते."

मी चष्मा लावला. "ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. सूत्रानं सांगितलं, की वालेन्ती पिएत्रुखा पक्का दारुडा आहे. अशा माणसावर सरकारविरोधी पत्रकं छापायचं काम कुणी सोपवणार नाही. झडतीची गरज नाही."

मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं.

"तो पीत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, फादर."

"होतं. दारू न पिण्याची शपथ त्यानं माझ्यासमोर घेतली होती. चर्चच्या वहीत त्याची सही आहे."

"आणि आमच्या तळघरात बटाट्यांखाली छपाईचं यंत्र होतं, तेही ठाऊक होतं?"

"तेही होतं. दुसऱ्या दिवशी झडती व्हायची होती. मला तेवढंच सुचलं."

"मग सरळ सांगा ना, की तुम्ही आम्हाला वाचवलंत."

"नाही सांगणार," ते म्हणाले. "वाचवलं म्हटलं, की माफी मागायचं कारणच उरत नाही. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, काय झकास थाप मारली म्हणून. त्यांनी ती रेल्वेला कळवली. त्याला इंजिनावरून उतरवलं तेव्हा मला तोंड उघडता येईना. पण पाच वर्षांनी कम्युनिस्टांचं राज्य गेलं. तेव्हा येत होतं, तरी मी उघडलं नाही. तो दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचा, गेनियाबाई. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो."

मला रडू आलं आणि रागही आला. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी फादरना सांगितली नाही. गाव इतकं बोलत होतं, की वालेन्ती उशिरा घरी आला तेव्हा मी दोनदा त्याचं तोंड हुंगलं होतं. दोन्ही वेळा त्याच्या ते लक्षात आलं, आणि दोन्ही वेळा तो तसाच जेवायला बसला.

फादर खिशातून खडू काढायला लागले.

"राहू द्या. माझ्या दारावर आज खडू नको," मी म्हटलं. "रविवारी सगळ्यांसमोर वालेन्तीचं नाव घेऊन सांगा. मग या."

त्यांनी खडू परत खिशात ठेवला. "बिशपसाहेबांकडून पत्र आलंय. घरोघरी काय करायचं ते करा, पण वेदीवरून पुन्हा एक शब्द बोललात तर हे चर्च सोडावं लागेल."

"मग तुम्हीच काय ते ठरवा."

"पत्र आलंय तेवढं सांगितलं," ते म्हणाले. "नाही कुठं म्हणालो?"

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. फादरनी नेहमीसारख्या सूचना वाचल्या. गायकांचा सराव मंगळवारी. आजाऱ्यांनी नावं द्यावीत. मग त्याच सुरात ते म्हणाले, "वालेन्ती पिएत्रुखा दारू पीत नव्हता. कधीच प्यायला नाही. तो पितो हे मी पोलिसांना सांगितलं आणि ते खोटं होतं. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. तो जिवंत असताना मी हे सांगायला हवं होतं." त्यांनी कागद घडी घालून ठेवला आणि आशीर्वाद दिला. हे बोलताना ते कागदाकडे नाही, तिसऱ्या बाकाकडे बघत होते.

बाहेर रोमान टोपी हातात घेऊन उभा होता. "वहिनी, ती बाटली मीच ठेवायचो."

"माहीत आहे."

"पण त्यानं मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तू हसला होतास."

रोमान तिथून थेट दफनभूमीकडे गेला.

मंगळवारी फादर खडू घेऊन आले. ईस्टरपर्यंत सामान बांधायचा हुकूम आला होता. "सामान ते काय," ते म्हणाले, "पुस्तकं आणि मधमाश्यांच्या दोन पेट्या." या वेळी मी खसखशीचा केक कापून ठेवला होता. त्यांचा हात दारावर पोचेना, म्हणून मी स्टूल आणलं आणि ते धरून उभी राहिले. दार सताड उघडं होतं, आणि समोर ओतिलियाचं दार नेहमीसारखं बोटभर किलकिलं.

ते लिहीत असताना मी म्हटलं, "मीसुद्धा दोनदा त्याचं तोंड हुंगलं होतं, फादर." मोठ्यानं म्हटलं, ओतिलियाला ऐकू जाईल इतकं.

फादरनी खडू थांबवला नाही. नव्या सालातला शेवटचा सातचा आकडा पुरा केला, आणि मग माझ्या खांद्यावर हात टेकून सावकाश खाली उतरले.