विसावं प्रॅक्टिकल

“मिस, एक मौका दे दो ना. बस एक घंटा.”

पलवशा लॅबच्या दारात जर्नल छातीशी धरून उभी होती. तिसऱ्यांदा आली होती. मी मायक्रोस्कोपवर कव्हर घालत होते, मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत.

“अगले सेमिस्टर में. अब यल्ला, चल निकल, मुझे लॅब बंद करनी है.”

“जी, मिस,” म्हणाली आणि गेली. मार्च महिना होता. पोरीपुढे अख्खं वर्ष पडलंय, असं मी धरून चालले होते.

मी वसुंधरा. मूळची देवरुखची. इथे ओमानमध्ये, अल खौदच्या एका कॉलेजात मेडिकल लॅबची टेक्निशियन, बारा वर्षं झाली. मुली मला टरकून असतात, हे मी कौतुकानं सांगत फिरायचे. आमच्याकडे वीस प्रॅक्टिकल करायची, प्रत्येकाखाली माझी तारखेसकट सही घ्यायची. वीस सह्या झाल्या की लॅब असिस्टंटचं सर्टिफिकेट, पुढे आणखी वर्षभर शिकलं की डिप्लोमा. पद्धत कॉलेजची, पण तिच्यातला खडूसपणा माझा. रत्नागिरीत शिकत असताना आमच्या मॅडमनी माझं जर्नल वर्गादेखत खिडकीबाहेर भिरकावलं होतं. त्यामुळेच मी घडले, असं मी आजवर मानत आले. बाई गं, काय काय मानून चालतो आपण!

पलवशा अफगाणिस्तानातून आलेल्या आठ मुलींपैकी एक. तिकडे मुलींची कॉलेजं बंद झाल्यावर कुठल्याशा परदेशी फंडानं त्यांना इथे शिकायला आणलं होतं. तिचं लहानपण पेशावरला निर्वासितांच्या वस्तीत गेलेलं, तिथेच ती हिंदी-उर्दू बोलायला शिकली. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळू नये. एकोणीस प्रॅक्टिकलांत मला तिची एक चूक काढता आली नव्हती, आणि मी शोधली नाही असं नाही.

विसाव्यात सापडली. आपल्याच बोटातून थेंबभर रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी प्रकारानुसार मोजायच्या. तिचे आकडे तिची मैत्रीण सना हिच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. बासष्ट, एकतीस, चार, तीन. दोघींचं रक्त असं जुळतं होय?

“उस दिन तू लॅब में थी भी?”

“नहीं, मिस.”

“तो कहाँ थी?”

“काम था.”

काम होतं! माझं डोकंच फिरलं. पानभर तांबडी फुली मारली आणि डीनना लेखी कळवून टाकलं, की हिनं नक्कल केली, प्रॅक्टिकल धरू नये. त्याच आठवड्यात तिच्याकडून पुन्हा करून घेणं माझ्या हातात होतं. पण म्हटलं, बसू दे जरा चटका, जन्मभर लक्षात राहील.

मे महिन्यात मेल आली. फंड बंद झाला होता. आठही जणींनी पंधरा दिवसांत परत जायचं. तीस एप्रिलपर्यंत ज्यांची वीस प्रॅक्टिकल झाली, त्यांना निदान सर्टिफिकेट मिळणार होतं. सात जणींची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सनाला गाठलं. तिचे आईबाप रत्नागिरीकडचे, पण ती जन्मली-वाढली इथेच. मराठी अडखळत बोलते.

“त्या दिवशी कुठे होती गं ती?”

“मिस, तुम्हाला माहीत नाही? ती फोनवर क्लास घेते. तिच्या बहिणीचा. अँड अजून सहा मुली. तिकडे त्यांना स्कूल नाही ना. लाइट दुपारीच असते. त्या दिवशी त्यांची टेस्ट होती, सो... मीच तिला माझे नंबर्स दिले.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“तुम्हाला कोण सांगणार, मिस?”

उद्धटपणे नाही म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता.

डीनकडे गेले. बाई ओमानी, बोलायला फार गोड. चूक माझी आहे, म्हटलं. त्यांनी मला कहवा दिला, खजूर पुढे केले आणि म्हणाल्या, “वसुंधरा, तीस एप्रिलनंतरचं मला काही धरता येत नाही. खलास.” घरी आल्यावर माझा नवरा, रविकांत, समजूत घालायला लागला. “अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस?”

“मुद्दामच केलं रे,” म्हटलं.

जायच्या दिवशी सकाळी आठला पलवशा लॅबमध्ये आली. दहा वाजता त्यांची विमानतळाची बस होती.

“मिस, आज करने दोगी?”

“अब ये सर्टिफिकेट में नहीं गिनेंगे, बेटा.”

“पता है. पर वहाँ लड़कियों को सिखाऊँगी, तो मुझे खुद तो आना चाहिए.”

तिनं बोट टोचलं. काच एका दमात ओढली. रंग टाकला, घड्याळ बघितलं, पाण्यानं हलकेच धुतलं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी मोजत बसली. मी तिच्यामागे उभी होते. तिचं झाल्यावर मी स्वतः बघितलं. बारा वर्षांत इतकी स्वच्छ स्लाइड माझ्या हातूनही झाली नसेल.

“पास?”

“पास,” म्हटलं.

तिनं कोऱ्या पानावर आकडे लिहिले. मी पेन काढलं. काय करायचं ते मी रात्रीच ठरवलं होतं. मार्चमधली तारीख टाकायची. झालं वीस. विचारलं तर सांगेन, मागाहून करून घेतलं होतं, कळवायचं राहिलं. पेन कागदाला टेकलं, तोच तिनं पानावर तळहात ठेवला.

“आज की तारीख डालो, मिस.”

“तू चुप. तुझे सर्टिफिकेट मिलेगा.”

“अप्रैल तक तो आप मुझे मना करती रहीं. सब लड़कियों ने सुना है. कोई पूछेगा, तो आपकी नौकरी जाएगी.” मग खाली बघत म्हणाली, “और मार्च में मैंने यह किया ही नहीं था.”

मी तिचा हात बाजूला करायला हवा होता. ठोकायला हवी होती ती तारीख, पुढचं पुढे बघितलं असतं. पण आमचा सीबमधला फ्लॅट, लेकीची शाळा, रविकांतचा तोकडा पगार, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी तिला दुसऱ्यांदा म्हटलंच नाही. आजची तारीख टाकली, सही केली. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

पलवशानं शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली. “शुक्रिया, मिस,” म्हणाली, जर्नल बॅगेत नीट सरकवलं आणि बसकडे चालू लागली.